लाल बशी, निळी बशी आणि टेबल-फॅन

अरे, आमच्या मुंगीचं काय झालं ते ऐका ना. मुंगी म्हणजे माझी रूममेट. सुट्टीत आम्ही सगळ्या घरी पळालो आणि ही कॉलेजच्या उन्हाळी संशोधन शिबिरात मुंग्या मोजत बसली, म्हणून मुंगी. तिला पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करायचा होता आणि त्याला छापील पेपरवर नाव हवं होतं. बाकी काही नको.

प्रयोग सोपा. लाल बशीत साखर, निळ्या बशीत साखर, मुंग्या कुठे जास्त जातात? उत्तर आलं, जी बशी जवळ, तिथे. शिबिराच्या सरांचं तोंड एवढंसं झालं. फरक नाही हे कुणी छापतं का, म्हणे. मग मुंग्या ज्या दिवशी निळीकडे वळल्या, ते दिवस सरांनी गाळूनच टाकले. त्या दिवशी म्हणे मुंग्यांचं लक्ष नव्हतं. उरलेल्या मुंग्या काय, एकजात लालभक्त.

पेपर एका संशोधन मासिकात छापून आला. पहिलं नाव सरांचं, दुसरं विभागप्रमुखांचं, कारण ते एकदा दारातून डोकावले होते, तिसरं सरांच्या मेहुण्याचं, कारण तो मेहुणा होता. आणि मुंगी? तळाशी, बारीक अक्षरात, आभारांत. तेही टेबल-फॅन दिल्याबद्दल ऑफिसचे आभार मानून झाल्यावर. तिच्या आईला ते नाव शोधायला भिंग लागलं.

मग दुसरीकडच्या एका प्राध्यापक बाईंनी तोच प्रयोग करून पाहिला आणि मासिकाला कळवलं, आमच्या मुंग्यांना काही फरक पडत नाही, तुमचे सगळे आकडे दाखवा. झालं. विभागप्रमुखांना डोकावल्याचंही आठवेना, मेहुणा फोन उचलेना, आणि सर एकदम कर्णाचे अवतार.

“हे बघ बाळ, काम तुझंच होतं. दुरुस्तीही तुझ्याच नावाने जाऊ दे. लिहून दे, मी लगेच पुढे पाठवतो.”

“एकटीच्या नावाने ना, सर?”

“अगदी एकटीच्या.”

मुंगीने लिहिलं. सगळे दिवस, सगळे आकडे, त्यातले कुठले सरांनी गाळले ते, आणि शेवटी, मुंग्या जवळच्या बशीकडे जातात. सर विद्यार्थ्यांचं लिखाण वाचतात थोडंच? आलं तसं पुढे ढकललं.

पेपर कुणी वाचला नव्हता, मासिकात छापून आलेली दुरुस्ती मात्र झाडून सगळ्यांनी वाचली. सर आता तिला बघून जिना बदलतात, शिफारसपत्राचं तर नावच नको. पण अर्जाला तिने तेच पान जोडलंय. वर एकच नाव, ठळक.

आईने या वेळी भिंगाशिवाय वाचलं. म्हणाली, “छान गं. पण त्या फॅनचे आभार राहिले की.”