वांगी परत कावून?

अमरावतीच्या त्या मुलाखतीच्या क्लासचं भलं होवो, दुसरं काय म्हणणार! "तुम्हाला इथंच नोकरी का करायचीय?" या प्रश्नाचं एकच उत्तर तिथल्या सरांनी सगळ्या पोरांकडून घोटून घेतलं होतं. चांदूर बाजारच्या शालिकरामची पोरगी वर्षाली अकोल्याला, जठारपेठेतल्या भाजी कंपनीच्या ऑफिसात पोचली, तर बाकावर त्याच क्लासची पोरं बसलेली.

दार अर्धवट उघडं होतं. आत त्यांच्यातलाच सोहम म्हणत होता, "आपल्या नामांकित संस्थेत माझ्या गुणांना वाव मिळेल." मग देवश्री गेली आणि तीही तेच बोलली, अक्षर न् अक्षर. हेच उत्तर देऊन वर्षालीच्या याआधीच्या सगळ्या मुलाखती वाया गेल्या होत्या. सकाळी निघताना बाप म्हणाला होता, "हे शेवटचं, पोरी. नाही जमलं तं माह्यासंगं बाजारात बस."

भाजी विकायची तिला लाज नव्हती. पण याच कंपनीच्या खरेदी केंद्रावर बाप उन्हात हात जोडून उभा राहतो आणि माल तपासणारा खुर्चीतून मानही वर करत नाही, हे बघून बघून तिचं डोकं फिरलं होतं. आजची जागा नेमकी त्याच खुर्चीची होती.

"इथंच का?" वर्षाली आत जाऊन बसताच मुलाखत घेणाऱ्या अनुपमा मॅडमनी विचारलं. "आणि ते वाव-बिव नको. कान किटले माझे."

झालं! पाठ केलेलं सगळं पार उडालं. उरलं ते घरचं.

"मॅडम, माहा बाप तुमच्याच केंद्रावर वांगे आणते. तुमचा माणूस कॅरेट बाजूले सारते अन् म्हणते, परत ने. कावून, ते सांगत नाही. बाप रस्ताभर इचार करत येते, आपलं काय चुकलं म्हणून. मले त्या खुर्चीत बसाचं आहे. माल परत करीन, पण कावून ते सांगीन."

"आणि तुझ्या वडिलांचाच माल खराब निघाला तर?"

"तं त्यायचा बी परत करीन."

मॅडमनी तिच्या अर्जावर काहीतरी खरडलं. बाहेर आल्यावर वर्षालीला वाटलं, गेली नोकरी. कंपनीलाच तोंडावर सुनावून आली होती ना बाई!

पण पुढच्याच महिन्यात ती चांदूर बाजारच्या त्या खुर्चीत होती. आणि योग बघा, रांगेत पहिला शालिकरामच. तिनं एका कॅरेटच्या तळात हात घातला, एक वांगं चिरलं आणि खुर्ची सोडून उभी राहिली.

"बाबा, हे कॅरेट परत. अळी लागली आहे. फवारणीले उशीर केला तुमी."

शालिकरामनं चिरलेलं वांगं हातात घेतलं, आतली अळी पाहिली आणि रांगेकडे वळून ते सगळ्यांना दाखवलं.

"पाह्यलं? इतक्या वर्षांत पयल्यांदा कोणी कारण सांगतलं," तो म्हणाला. "पोरगी आहे माही."

आणि ते परत आलेलं कॅरेट त्यानं हसत हसत डोक्यावर घेतलं.