नऊ फरश्यांची खोली

आमची खोली नऊ फरश्यांची होती. काल रात्री मोजली तर चारशे एकाहत्तर भरल्या.

घर बाहेरून आहे तेवढंच आहे. मोजणीवाला आला, त्याने बाहेरून टेप धरली आणि अठरा फूट लिहिलं. मी म्हटलं, बाबा, एकदा आतून धर. त्याने उंबऱ्यात उभं राहून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "ताई, माझी एसटी चुकेल." गेला. आता काय बोलायचं अशा माणसाला!

या टोकाला दार, शेगडी, पाण्याचा माठ आणि मी. त्या टोकाला खिडकी, आणि खिडकीखाली खाटेवर आमचे हे. तीन वर्षांपूर्वी ह्यांची डावी बाजू गेली. खाट खिडकीपाशी ह्यांनीच मागून घेतली, समोरचा डोंगर दिसतो म्हणून. तेव्हा शेगडीपासून चार पावलं टाकून हात लांब केला की ह्यांच्या पांघरुणाचं टोक लागायचं.

फरशी धक्क्याने येत नाही. धक्का बसतो, भांडी वाजतात, थांबतात. मी तो धक्का वहीत लिहिते तेव्हा खोलीच्या मधोमध एक फरशी येते. शहाबादी, दोन बाय दोन, वर थोडी चुन्याची भुकटी. आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. पहिली फरशी आली त्या दिवशी हे खाटेवरून मान उचलून म्हणाले, "सांध्यात दर्जा भरलेला नाही. कुणाचं काम आहे हे? बोलाव त्याला."

मी म्हटलं, "थोरलीचं."

"मग राहू दे," हे म्हणाले.

आमचं गाव काहिलवाडी. गूळ रांधायची काहील असते ना, तसं चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये गाव. खाली थोरली निजली आहे. शेलार सर तिला महाज्वालामुखी म्हणतात, चार तालुके मावतील एवढी आहे म्हणतात. आम्ही थोरलीच म्हणतो. जमीन हलली की जुनी माणसं म्हणायची, थोरलीने कूस बदलली, आणि पुन्हा कामाला लागायची. या वर्षी मात्र तिला काही केल्या नीट झोप लागेना. मग शेलार सरांनी गट केला. सर तालुक्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचे, आता निवृत्त आहेत. पंधरा घरं, प्रत्येकाने घरीच काहीतरी यंत्र करायचं आणि रोज बारा वाजता फोनवर सरांना आकडे कळवायचे. कुणी घंटा टांगली, कुणी ताटात पाणी ठेवलं. सगळ्यांत चांगलं यंत्र आमचं. ह्यांनी खाटेवर पडल्या पडल्या मला स्टुलावर चढवलं आणि स्वतःचा पितळी ओळंबा तुळईला टांगून घेतला. खाली परात, परातीत रांगोळी पसरलेली. जमीन हलली की ओळंब्याचं टोक रांगोळीत रेघ काढतं. मी वेळ लिहायची, लांबी लिहायची, दिशा लिहायची, आणि पोस्टकार्डाने रांगोळी पुन्हा सारखी करायची.

लिहिण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली. तिथे एकच गोष्ट शिकले. मूल तोललं आणि वहीत लिहिलं नाही, तर ते मूल तोललंच नाही. घरात एक कोरी वही उरली होती, तीच घेतली. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो मी कधी भरला नाही. धक्क्याला कसला आलाय शेरा?

बाकीच्यांकडे दिवसाला दोन-तीन रेघा. आमच्याकडे एकवीस, बावीस. सरांना आनंद मावेना. "ताई, तुमचं घर थोरलीच्या अगदी उशाशी आहे. आणि बघा, सगळ्या रेघा पश्चिमेला. ती पश्चिमेला मान वळवतेय." त्यांनी त्याचा मोठा तक्ता काढला आणि चावडीवर लावला. तो बघून दुसऱ्या दिवशी गावाने बाडबिस्तरा आवळला आणि सगळे वर टेकाडावर पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले. जाताना चौघं जण ह्यांची खाट उचलायला आले. सकाळी उचलली, दाराच्या दिशेने जेवणवेळेपर्यंत चालले, दमले, खाली ठेवली. बघतात तर खाट खिडकीखालीच होती. "मिस्त्री, माफ करा," म्हणाले आणि ते चौघंही गेले. आम्ही दोघं राहिलो.

फरश्या वाढत गेल्या तसं मी जमवून घेत गेले. निम्म्या वाटेवर एक स्टूल आणि पाण्याचा तांब्या ठेवला. चहा निवायला लागला, मग थर्मास घेतला. दोनशे दहाव्या फरशीवर शेजारणीच्या मांजरीने पिल्लं घातली, तिथून वळसा घालून जायचं. ह्यांचा आवाज उशिरा पोचायला लागला. सकाळी विचारलं, आंघोळीचं पाणी तापवू का, तर ह्यांचं "हो" दूध उतू गेल्यावर आलं. शेवटी उशाशी ह्यांचा फोन ठेवला. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, आम्ही एकमेकांशी फोनवर कधी बोललो नव्हतो.

"हॅलो. कोण बोलतंय?" हे म्हणाले.

"तुमची दुसरी बायको."

"बरं झालं बाई. पहिली फार लांब राहायला गेली."

मी हसले आणि फोन ठेवल्यावर पदराने डोळे पुसले. खोटं कशाला सांगू?

परवा सरांचा कागद भिजला म्हणून त्यांना मागच्या आठवड्याचे आकडे पुन्हा हवे होते. मी वही घेऊन मोठ्याने वाचायला लागले. सहा दहा. आठ पाच. साडेदहा. एक वाजता. चार सात. मधल्या वेळा, रात्रीच्या वेळा. दुसरा दिवस, सहा दहा, आठ पाच, साडेदहा. सरांनी लिहून घेतलं, फोन ठेवला. मी कांदा चिरायला घेतला. कांदा अर्धा झाला तेव्हा खोलीच्या त्या टोकाकडून हसू आलं. ह्यांचं हसू, आजारपणाआधीचं, खाकरत खाकरत येणारं. त्याच्यामागून शब्द आले.

"अगं हौसे, चार सातला माझा चहा असतो!"

मी सुरी खाली ठेवली. वही पुन्हा उघडली. सहा दहाला ह्यांचं तोंड धुणं. आठ पाचला अंग पुसणं. साडेदहाची गोळी. एकचं जेवण. मधल्या रेघा म्हणजे पाण्याच्या आणि भांड्याच्या फेऱ्या. भूकंप काय घड्याळ लावून येतो? आणि पश्चिमेला थोरलीची उशी नव्हती. पश्चिमेला ह्यांची खाट होती. जाताना माझ्या हातात ताट असायचं, पाण्याची बादली असायची, पाऊल जड पडायचं आणि ओळंबा हलायचा. येताना मी रिकामी, तेव्हा हलायचा नाही. दिवसातल्या दोन-तीन रेघा खऱ्या, त्याही वेड्यावाकड्या, कुठेही तोंड करून. बाकी सगळा भूकंप माझा होता.

एवढी सरळ गोष्ट तीन आठवडे मला दिसली नाही. एकतीस वर्षं लोकांची पोरं मोजली आणि स्वतःची पावलं मोजता आली नाहीत. मी ह्यांच्याकडे गेले म्हणून हे माझ्यापासून लांब गेले.

त्या दुपारी एक वाजता मी ह्यांना वरणभात भरवला, तोंड पुसलं, परत आले. परातीत रेघ होती. पश्चिमेला, दोन बोटं. मी वही उघडली नाही. पोस्टकार्डाने रांगोळी सारखी केली आणि स्वस्थ बसले. फरशी आली नाही. म्हटलं, जमलं.

फोन वाजला. हे म्हणाले, "आज जेवायला उशीर झाला का गं? भूक लागलीय."

मी पातेल्यावरचं झाकण काढलं. भाताला कुणी हात लावलेला नव्हता. वर माझ्याच हाताने पसरलेलं तूप तसंच होतं.

लिहिलं तर फरशी. नाही लिहिलं तर ह्यांच्या पोटात घास नाही. मी दुसऱ्यांदा ताट वाढलं, दुसऱ्यांदा गेले, भरवलं, परत आले आणि गुमान लिहिलं. एक वाजून बावन्न मिनिटं, दोन बोटं, पश्चिम.

संध्याकाळी सरांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे गाव तुमच्या चहाला घाबरून डोंगरावर गेलं?"

"असंच म्हणा."

"माझा तक्ता पण तुमच्या चहाचाच?"

"सर, मला वाईट वाटतंय हो. खरंच."

"पुरावा पाहिजे ताई. एक दिवस हलू नका. परातीत पश्चिमेची रेघ आली नाही, तर मी लोकांना खाली बोलावतो. चार माणसं आली की मिस्त्रींचं काहीतरी बघू."

मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "एका दिवसाचं काय घेऊन बसलीस? उपास धरीन. गवंड्याला एकादशी करता येत नाही होय?" मी ह्यांच्या उशाशी चिवड्याचा डबा, पाणी आणि गोळ्या ठेवून आले. त्याचीही एक फरशी झाली. निघताना ह्यांनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं आणि लवकर सोडलं नाही. मी म्हटलं, सोडा, मला जायचंय. हे म्हणाले, "जायचंय तर जा. मी धरलंय कुठं?" तरी हात काही सोडला नाही.

तो एक दिवस म्हणजे आजचा.

सकाळपासून मी शेगडीपाशी पाटावर बसले आहे. सहा दहाला बसून होते, आठ पाचला बसून होते. साडेदहाला फोन केला, गोळी घेतली का? हे म्हणाले, घेतली, कडू आहे, तू देतेस तेव्हा एवढी कडू नसते. एक वाजता पुन्हा फोन केला. चिवडा खाल्ला म्हणाले, शेंगदाणे तुला ठेवलेत. मला शेंगदाणे आवडतात हे ह्यांच्या लक्षात आहे याचा मला इतका आनंद झाला की मी उठणारच होते. पाटाची कड धरून बसले. समोर चारशे एकाहत्तर फरश्या, मध्ये अंधूक, आणि पार टोकाला खिडकी, एखाद्या टिकलीएवढी. तिच्याखाली हे आहेत, हे मला माहीत आहे म्हणून दिसत होते. ह्यांच्याशिवाय मला करमत नाही. हे मी आयुष्यात ह्यांच्यासमोर बोलले नाही. आज चार वाजल्यावर फोन करून सांगायचं असं ठरवलं.

दोन वाजता परात कोरी. तीन वाजता कोरी. सरांना तसं कळवलं. ते म्हणाले, "अजून तासभर, ताई. लोक सामान बांधून बसलेत."

चार वाजता मी सवयीने चहाचं आधण ठेवलं. बसल्या जागेवरून हात पोचतो. पाण्याला उकळी यायला लागली आणि परातीत खसखस झाली.

रेघ होती. मी पाय जवळ घेऊन बसले होते. मांडीसुद्धा हलली नव्हती.

मी वाकून बघितलं. रेघ वेडीवाकडी नव्हती. सरळ होती, आणि पूर्वेला होती. खाटेकडून शेगडीकडे. मी बघत असतानाच ओळंबा पुन्हा हलला आणि तिच्या शेजारी दुसरी रेघ ओढली. ही खोल नव्हती, लांब होती, कडेने फरफटल्यासारखी. मग पुन्हा एक खोल. मग पुन्हा एक फरफटलेली.

सरांचा फोन आला. "ताई, आमची घंटा वाजतेय. तुमच्याकडे काय दिसतंय? रेघ आहे का? ताई?"

"थांबा," मी म्हटलं आणि त्यांचा फोन ठेवून ह्यांना लावला. खोलीच्या त्या टोकाला तो वाजायला लागला. बराच वेळ वाजला. कुणी उचलला नाही.

एक खोल. एक फरफटलेली.

मी वही ओढली, नवी ओळ काढली, पेन उघडलं. लिहिलं असतं तर ह्यांच्या पायापुढे एक फरशी आली असती. नसतं लिहिलं तर हे खाटेवरून उठलेच नाहीत असं झालं असतं.

भांडी वाजायला लागली. मधल्या अंधुकातून मांजर पिल्लू तोंडात धरून माझ्याकडे पळत आली, पिल्लू पाटाशी ठेवलं आणि दुसरं आणायला पुन्हा आत गेली नाही. बसून तिकडेच बघत राहिली. मीही बघितलं. स्टुलाच्या अलीकडे काहीतरी पांढरं होतं, बनियनएवढं, आणि एका अंगाने झुकलेलं.

आधण उतू जात होतं. एक खोल, एक फरफटलेली. परात भरत आली होती आणि पेनाचं टोपण माझ्या दातांत होतं.