आक्काची घंटा आणि एकविसावी सही

अडवणूक हे मानवजातीच्या सर्व दुःखांचे मूळ आहे. वाटेतला अडसर काढा, की पाणी वाहते, उजेड येतो, माणसे सुखी होतात. हा सिद्धांत मी गेल्या शनिवारी दुपारी सव्वातीन वाजता अमलात आणला, आणि लगेचच आमच्या बैठकीच्या खोलीत जळका वास सुटला.

सिद्धांत मांडायचा मला अधिकार होता. मी चौतीस वर्षे एका कचेरीत अर्ज अडवण्याचे काम केले. हुद्द्याचे नाव वेगळे होते, काम हेच. निरोपाच्या भाषणात साहेबांनी माझे अक्षर, माझी छत्री आणि माझा वक्तशीरपणा यांची तोंड भरून स्तुती केली. कामाचा विषय त्यांनी काढला नाही.

माझी थोरली बहीण, आक्का, आमच्याच घरात वरच्या खोलीत एकटी राहते. वय एक्क्याऐंशी, जीभ पंचविशीतली. गेल्या महिन्यात ती न्हाणीघरात घसरून पडली. हाड मोडले नाही, पण उठता येईना. दोन तास ती मला हाका मारत होती, आणि मी बरोबर तिच्या खाली बसून रेडिओवर हवामानाचा अंदाज ऐकत होतो. अंदाज खरा ठरला, हेही मला आठवते. ते विसरता आले असते तर बरे झाले असते.

मग तिच्या मुलाचा, म्हणजे माझ्या भाच्याचा, फोन आला. "मामा, रविवारी येतोय. आईची हाक खाली पोचेल अशी सोय दिसली तर ठीक. नाहीतर तिला माझ्याकडे घेऊन जातो."

"घेऊन जायला मी काय कपाट आहे?" आक्का म्हणाली. पण त्या संध्याकाळी तिने माझ्याशी एकदाही भांडण उकरून काढले नाही, तेव्हा मात्र माझे धाबे दणाणले.

सोय केली सूनबाईने. ती तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिने आक्काच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत एक दोरी बांधली. दोरी ओढली की बटण दाबले जायचे, खिडकीतून खाली आलेल्या वायरीतून माझ्या टेबलावरच्या एका काळ्या चिपेला ते कळायचे, आणि चिप तिथलाच छोटा भोंगा वाजवायची. चिप करंगळीच्या दोन पेरांएवढी, अठ्ठावीस पायांची. सूनबाई त्या पायांना पिना म्हणते. सगळे भाग एका भोकाभोकांच्या पाटीवर नुसते खोचलेले होते, कारण डाग द्यायचे, म्हणजे सोल्डरिंगचे, काम ती रविवारी सकाळी करणार होती.

"आणि हे काय?" मी विचारले. चिप आणि भोंगा यांच्यामध्ये रंगीत पट्ट्यांची एक अळी बसली होती.

"रेझिस्टर, बाबा. करंट अडवतो."

"आणि काम काय करतो?"

"तेच काम."

मी त्या अळीकडे पाहिले. ओळखीचे कोणीतरी भेटल्यासारखे वाटले, आणि खरे सांगायचे तर आवडले नाही.

शनिवारी सूनबाई शाळेत गेल्यावर, वरखालची दारे सताड उघडी टाकून, आम्ही चाचणी घेतली. आक्काने वरून दोरी ओढली. भोंगा वाजला, असे आमची ही म्हणाली. मला काही ऐकू आले नाही.

"वाजलं का रे?" वरून आक्का.

"वाजलं म्हणे!"

"म्हणे? हे म्हणजे डासानं निरोप आणल्यासारखं झालं! मी वर आडवी पडेन आणि तू खाली टाळ्या मारशील!"

तिचे बरोबर होते. आणि रविवार उद्यावर आला होता. माळ्यावर आमच्या दाराची बॅटरीवर वाजणारी जुनी घंटा पडली होती. ती वाजली की शेजारचेसुद्धा दार उघडायचे. मी भोंगा उपटला, त्याच्या जागी घंटेच्या दोन वायरी खोचल्या. मग नजर अळीकडे गेली. घंटा दांडगी, तिला करंट भरपूर लागणार, आणि हा मध्ये बसून अडवणार. चौतीस वर्षांचा पश्चात्ताप एकदम दाटून आला. मी त्याला निवृत्त केले आणि त्याच्या जागी साधी वायर खोचली.

"ओढ, आक्का!"

घंटेने 'टण्' मधला 'ट' उच्चारला आणि विचारात पडली.

"जोरात ओढ! धरून ठेव!"

"धरलीय! गाय बांधलीय का खाली?"

तिने दोरी चांगली मिनिटभर धरून ठेवली. मग वास आला.

"अहो, काय जळतंय?" हिने स्वयंपाकघरातून विचारले.

"काही नाही. प्रगती चाललीय," मी म्हणालो आणि खिडकी उघडली.

सूनबाई आली तेव्हा तिला काहीच सांगावे लागले नाही. तिने नाक वर केले, पाटी पाहिली, मग टेबलाच्या कडेला नीट ठेवलेला रेझिस्टर पाहिला.

"ह्याला कोणी काढलं?"

"अडवत होता," मी म्हणालो.

ती रागावली नाही. त्याने मला जास्त त्रास झाला. मीटर घेऊन ती चिपेचा एकेक पाय तपासत बसली. दुसरी चिप घरात नव्हती. शाळेला सोमवारपर्यंत कुलूप, दुकानही सोमवारीच उघडणार. भाचा उद्या अकराला येणार. वर आक्का गप्प होती. एवढी गप्प, की मी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आलो.

"बाबा, बसा इथे," सूनबाई शेवटी म्हणाली. "तुमच्या टेबलावर अर्ज का थांबायचे?"

"आता ह्या वयात चौकशी लावतेस?"

"सांगा तर."

"साहेब दिवसाला वीस सह्या करायचे. एकविसावी केली की डोकं धरायचे आणि आठवडाभर रजेवर जायचे. मग कोणाचंच काम व्हायचं नाही. म्हणून मी रोज वीसच आत सोडायचो."

"झालं तर. ह्या चिपेच्या एका पिनेला वीस मिलिअँपिअर झेपतात. तुमची घंटा मागते तीनशे. मधला माणूस उठला, सगळे अर्ज एकदम साहेबांच्या अंगावर गेले."

चौतीस वर्षांत माझ्या कामाबद्दल इतके चांगले कोणी बोलले नव्हते. बायकोही नाही.

"साहेब गेले का पण?"

"एकच पाय गेलाय. बाकीचे शाबूत आहेत, नशीब तुमचं. दुसऱ्या पिनेवर बसवू. प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलायची."

मग तिने खणातून तीन पायांचा एक ट्रान्झिस्टर काढला. "घंटेचं ओझं हा उचलणार, तेही वेगळ्या बॅटरीच्या जिवावर. चिपेनं फक्त ह्याच्या कानात हळूच सांगायचं." घंटेला तिने एक डायोडही आडवा जोडला. घंटा बंद होताना आतली तारेची गुंडाळी उलटा झटका देते, तो चिपेपर्यंत जाऊ नये म्हणून. म्हणजे जाताजाता लाथ मारणारेही कचेरीत असतात, हे विज्ञानाला ठाऊक आहे.

"आणि चिप ह्याच्याशी बोलणार, तेव्हा मध्ये कोण?" मी विचारले.

तिने हसून रेझिस्टर माझ्या तळहातावर ठेवला. दुसरा, थोड्या वेगळ्या पट्ट्यांचा. मी चष्मा लावला आणि त्या सहकाऱ्याला माझ्या हाताने त्याच्या जागी बसवले. वाकडाच बसला. मग तिने सरळ केला.

रविवारी सकाळी तिने सगळ्याला डाग दिले. अकराला भाचा आला. हातात मोठी रिकामी बॅग. चांगला मुलगा आहे, पण बॅग रिकामी आणणे मला आवडले नाही. आईला भेटून तो खाली आला आणि म्हणाला, "साडेअकराला आईला दोरी ओढायला सांगितलंय. मी घड्याळ लावणार. उगाच तोंडदेखलं नको, मामा."

अकरा वाजून दहा मिनिटांनी, त्याच्या चहाचा पहिला घोट घशात असताना, घंटा वाजली. अशी वाजली, की समोरच्या घरातला कुत्रा दिवाणाखाली गेला. साडेअकराला अजून वीस मिनिटे होती. म्हणजे ही चाचणी नव्हती.

मी कसा उठलो ते मला माहीत नाही. जिन्याला सतरा पायऱ्या आहेत, त्यातल्या बहुधा नऊच मी वापरल्या. मागे भाचा, त्याच्यामागे सूनबाई, शेवटी पदर खोचून आमची ही. दार ढकलले.

आक्का पलंगावर ताठ बसली होती. एका हातात दोरी, मांडीवर बरणी.

"आई! काय झालं?"

"चौघं आलात? इतके नको होते."

भाचा दाराच्या चौकटीला टेकून धापा टाकत होता. त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी जिन्यात चप्पल टाकून आलो होतो, आणि रडत होतो असे ही नंतर म्हणाली. मी नाही म्हणतो.

"तीस सेकंदसुद्धा नाही झाले," भाचा हळूच म्हणाला. मग तिच्या पायाशी बसला. "बरं आई. नाही नेत तुला. राहा इथेच."

"ते बघू मागाहून," आक्का म्हणाली आणि बरणी त्याच्यापुढे धरली. "आधी एवढं झाकण उघडून दे. केव्हाची झटतेय."