राणीचं वरचं अर्धं

शरच्चंद्रांचं राणी व्हिक्टोरियावर चाळीस वर्षं प्रेम होतं, तेही अर्ध्याच राणीवर. तिच्या काळी तारेच्या तिकिटावर तिचं चित्र वर-खाली दोनदा असे आणि कारकून ते तिकीट मधोमध कापी. खालचा भाग तारेच्या कागदाबरोबर पुढे नष्ट होई, वरचा गिऱ्हाइकाच्या पावतीवर जाई. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये अशी वरची अर्धी सहाशे तिकिटं होती, प्रत्येकावरच्या शिक्क्याची टिपणं होती. पण तिकिटासकट अख्खी पावती एकही नव्हती.

याशिवाय हे निवृत्त अभियंते ओळखले जात ते कर्मकांडाविरुद्ध वर्तमानपत्रांना पत्रं लिहिण्याबद्दल. आई गेली तेव्हाही ते श्राद्धाला बसले नव्हते.

एका सकाळी चुलतबहीण उज्वलाने कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं, ‘त्र्यंबकला आमच्या अण्णांचं श्राद्ध केलं. गुरुजींच्या वंशावळीच्या चोपडीत आपल्या घराण्याच्या पानावर राणीचं तिकीट असलेली जुनी पावती चिकटवली आहे.’ दिवाळीच्या शुभेच्छांनाही उत्तर न देणाऱ्या शरच्चंद्रांनी तीन मिनिटांत गुरुजींना फोन लावला.

“फोटो पाठवता का?”

“तसा नाही पाठवत,” यशोधन गुरुजी म्हणाले. “पितरांसाठी बसा. मग पान उघडतो, फोटोही काढा.”

शरच्चंद्रांनी धोतर विकत आणलं.

“आईंसाठी नाही बसलात,” त्यांच्या पत्नी मालिनीबाई म्हणाल्या.

“हा अभ्यास आहे.”

त्र्यंबकला ते दोन तास मांडी घालून बसले. सांगितलं ते सगळं केलं. शेवटी गुरुजींनी चोपडी उघडली. पावती पिवळी पडली होती, पण तिकीट जागच्या जागी होतं आणि त्यावर गोल शिक्का पूर्ण उमटलेला. शरच्चंद्रांनी पिशवीतून भिंग काढलं.

गुरुजी बोट ठेवून पावतीखालची मोडी वाचू लागले. “तुमचे पणजोबा मालेगावहून यात्रेला आले. बरोबर थोरला मुलगा बारकू, वय वर्षं चार. पटकीने इथेच गेला. नाशकाहून घरी तार केली, तिची ही पावती.”

मालिनीबाईंनी तोंडाला पदर लावला.

“बोट जरा बाजूला घ्या,” शरच्चंद्र म्हणाले. “तारीख झाकली जातेय.”

मग मालिनीबाईच म्हणाल्या, “गुरुजी, त्या पोराच्या नावाने पाणी सोडायचं राहिलंय.”

“हो, हो, सोडू,” शरच्चंद्र म्हणाले. त्यांनी एका हाताने पाणी सोडलं. दुसऱ्या हातातलं भिंग मात्र खाली ठेवलं नाही.

डिसेंबरात तिकिटांच्या प्रदर्शनात त्या पावतीच्या मोठ्या फोटोला रौप्यपदक मिळालं. परीक्षकांनी शिक्क्याची फार तारीफ केली. फोटोखाली शरच्चंद्रांनी टाइप केलं होतं: ‘प्रेषक : एक यात्रेकरू. मजकूर : अनुपलब्ध.’

मालिनीबाईंनी ते दोनदा वाचलं. “एक यात्रेकरू?”

“अभ्यासात घरगुती काही आणायचं नसतं गं.”

पदक घ्यायला त्यांचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा मालिनीबाई बाहेर रिक्षावाल्याला घरचा पत्ता सांगत होत्या.