बुधवारचं गाऱ्हाणं

नादीन टूटनला साक्षीसाठी पुकारलं, तेही सिगारेट कंपनीच्या बाजूने, तेव्हा आर्डिथ कॉगिन्सच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा नवरा हार्लन सिगारेटपायी गेला त्या दिवशी सगळ्यांत आधी दारात आली होती ती हीच नादीन, चीज घालून भाजलेला भोपळा घेऊन. जन्माची शेजारीण, एकाच चर्चमधली.

नवऱ्याच्या मृत्यूला कंपनीच जबाबदार आहे, एवढंच आर्डिथला कोर्टाकडून वदवून घ्यायचं होतं. कंपनीचा वकील व्हिटलॉक मात्र हार्लनलाच गुन्हेगार ठरवायला निघाला होता.

"बुधवारच्या प्रार्थनेला श्रीमती कॉगिन्स काय मागत?" त्याने मधाळ आवाजात विचारलं.

"आमच्यात बुधवारी जो तो उठून आपलं गाऱ्हाणं सांगतो," नादीन म्हणाली. "कुणाचा गुडघा, कुणाची सून. आर्डिथ म्हणायची, हार्लनची सिगारेट सुटावी म्हणून प्रार्थना करा. पोरं लहान होती तेव्हापासून."

"म्हणजे धोका अख्ख्या चर्चला ठाऊक होता. हार्लन यांनाही. तरी ते ओढत राहिले. आपल्या मर्जीने."

मर्जीने! कोरियाच्या लढाईत शिध्याच्या डब्यातून फुकट सिगारेटी हातात पडल्या, तेव्हा हार्लनला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. त्याआधी तिला स्केटिंगला न्यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला नुसता साबणाचा वास यायचा. तो वास आर्डिथला अजून आठवत होता.

जेवणाच्या सुट्टीत नादीनने तिला बाहेर गाठलं. "अगं, माझ्या नावाने समन्स आलं. बायबलवर हात ठेवून खोटं कसं बोलू?"

"खोटं नको होतं बोलायला. पण चर्चमध्ये चौकश्या करत घरी आलेल्या कंपनीच्या माणसाला केक खाऊ घालून सगळं सांगायची काय गरज होती?"

"पोरगा फार गोड बोलत होता गं."

"गोड बोलायचाच पगार मिळतो त्याला!"

मग आर्डिथची पाळी आली. तिची वकील रोझलिन प्रूइट कानाशी पुटपुटली, "विचारलं तेवढंच सांगा. वाढवू नका."

"प्रार्थनेसाठी तुम्हीच उभ्या राहत होतात ना?" व्हिटलॉकने विचारलं.

"हो. दर बुधवारी."

"म्हणजे यजमानांना धोका माहीत होता."

"हार्लनला पीच खायलाही फार आवडायचे, साहेब. ते सुटावेत म्हणून मी कधी उभी राहिले नाही."

"मॅडम, हो किंवा नाही—"

"चर्चमध्ये माणसं धाडलीत ना तुम्ही? मग तिथलं सगळं ऐका. एकदा त्याने भरलेलं पाकीट नदीत भिरकावलं आणि तासाभरात होडी काढून शोधायला गेला. भिजलेल्या सिगारेटी चुलीवर वाळवताना रडत होता. ही त्याची मर्जी? व्यसन लागेल इतकं निकोटीन सिगारेटीत राहावं, हे तुमच्या कारखान्यात ठरत होतं. ते सांगायला तुमचा एक तरी साहेब कधी बुधवारी उठून उभा राहिला?"

न्यायाधीशांनी तिला थांबवलं. पण ज्यूरीतला एक म्हातारा कोळी मान खाली घालून बसला, ती त्याने पुन्हा वर केली नाही.

ज्यूरीने कंपनीला दोषी धरलं. थोडा दोष हार्लनवरही ठेवला.

"जिंकलो!" रोझलिनने मिठी मारली.

"मेलेल्या माणसावर दोष?"

"कायदा तसाच आहे. आणि कंपनी अपील करणार."

"करू दे. मी कुठे जाते!"

त्या बुधवारी चर्चमध्ये पाळकांनी गाऱ्हाणी विचारली. गुडघे झाले, सुना झाल्या. नादीनच्या शेजारी तिची लेक जोलीन खोकत होती, पर्समधून सिगारेटचं पाकीट डोकावत होतं. नादीन बाकाची कड घट्ट धरून बसली होती. उठावंसं तिच्या मनात होतं, ते आर्डिथला दिसत होतं. उठायची तिची छाती होत नव्हती, तेही दिसत होतं.

आर्डिथ उभी राहिली. नादीनने डोळे मिटून घेतले.

"नादीनच्या जोलीनची सिगारेट सुटावी म्हणून प्रार्थना करा," आर्डिथ खणखणीत आवाजात म्हणाली. "आणि कंपनीचं कुणी बसलं असेल, तर नीट लिहून घ्या. पोरीला ती सोडायची आहे. सुटत नाहीये."