चोमनातीतली दुपारची झोप

टॅक्सी चोमनाती हॉटेलच्या पोर्चमध्ये थांबली तेव्हा हॉटेलकडे पाहण्याआधी नारुमोनने आईच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो उजळला होता, आणि अडचण नेमकी तीच होती.

नारुमोन एका साप्ताहिकात हॉटेलांची परीक्षणे लिहीत असे. त्यापूर्वी तिने विद्यापीठात ध्वनिशास्त्र शिकवले होते. निवृत्त होऊन काही वर्षे लोटली, तरी बँकॉकमधली ओळखीची माणसे तिला अजून ‘अचान’ म्हणून, म्हणजे मास्तर म्हणूनच हाक मारत. तिची परीक्षणे लोक वाचत, कारण त्यांत विशेषणे नसत. ‘खोली प्रशस्त आहे’ असे ती कधी लिहीत नसे. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये उघडी सूटकेस मावते की नाही, एवढेच सांगे. तिचा नियम एकच होता: जिथे आपल्या आईला नेणार नाही, ते ठिकाण दुसऱ्याच्या आईला सुचवायचे नाही.

या नियमाने तिला आजवर त्रास दिला नव्हता. पण आता आई, सांगवियन, चौऱ्याऐंशीची होत होती. बारा वर्षांचे एक आवर्तन, अशी सात पुरी; घरात याहून मोठा समारंभ नसतो. आणि तो चोमनातीतच व्हावा, असे आईने परस्पर जाहीर करून टाकले होते. नेमके त्याच सुमारास संपादकांनीही परीक्षणासाठी चोमनातीचेच नाव दिले.

“बरंच झालं,” धाकटा भाऊ चेत फोनवर म्हणाला होता. “तू राहून बघ. जागा वाईट असली तर आईला तूच सांग. माझी छाती नाही.”

“आणि माझी आहे?”

“दर आठवड्याला एका हॉटेलला सुळावर देतेस, ताई. आईला एक वाक्य बोलणं काय अवघड?”

अवघड होते. लॉबीत पाऊल टाकताच ते किती अवघड आहे, हे नारुमोनला कळले. लॉबी सागवानी होती, उंच होती, आणि तिच्यात ओल्या गालिच्याचा वास भरून राहिला होता. गालिच्यावर एके काळी जांभळी असलेली ऑर्किड होती. येण्याजाण्याच्या वाटेवर ती पार पुसली गेली होती आणि खांबांच्या मागे मात्र टवटवीत होती. बागेतला कृत्रिम धबधबा बंद होता. कमळाच्या पानाच्या आकाराच्या तलावात मधोमध बेट, बेटावर जायला लाकडी पूल, आणि पुलाच्या तोंडाशी ‘क्षमस्व’ लिहिलेली पाटी.

नारुमोनने हे सारे टिपून घेतले. तिने न टिपलेले एवढेच, की लहानपणी दर वर्षी घरचे सारे इथे येत तेव्हा त्याच पुलावरून ती ओल्या पायांनी धावली होती, आणि त्या वेळी नदीच्या या काठावर चोमनातीहून उंच काही नव्हते. आता चहूबाजूंनी काचेचे मनोरे होते. त्यांच्या सावलीत ही तीन मजली, ऐसपैस, उतरत्या छपरांची इमारत एखाद्या लग्नाला जुनी शाल पांघरून आलेल्या पाहुण्यासारखी दिसत होती.

खोलीच्या दाराशी आई थांबली आणि तिने दारावर तीनदा हलकेच टकटक केले.

“आई, खोली रिकामी आहे.”

“म्हणून तर विचारायचं. माणूस असता तर त्याने आपणहून उघडलं असतं.” मग दाराकडे पाहून, खोलीतल्या अदृश्य रहिवाशांना उद्देशून, शेजारणीशी बोलावे तशा सुरात ती म्हणाली, “एक रात्र राहतो हं. माझी मुलगी शिकलेली आहे, तिचं मनावर घेऊ नका.”

आत पडदे तपकिरी-नारिंगी होते. न्हाणीघरातला टब शेवाळी हिरव्या रंगाचा होता. पलंगाच्या उशाशी पितळी बटणांची फळी होती, तिच्यावरच्या रेडिओचे बटण कुठेही फिरवले तरी तो गप्पच होता. खिडकीखालचे वातानुकूलन यंत्र सुरू करताच ते आधी खाकरले आणि मग एका जाड, अखंड घरघरीवर स्थिरावले. नारुमोनने पिशवीतून ध्वनिमापक काढून उशीवर ठेवला. आकडा पाहून तिच्या भुवया उंचावल्या. तिने लिहिले: ‘यंत्र चालू असताना पलंगाच्या दुसऱ्या कडेचे माणूस काय बोलते ते ऐकू येत नाही. तातडीने बदलावे.’ संपूर्ण परीक्षणातला हा सर्वांत गंभीर दोष ठरणार होता.

आई पलंगावर बसून खिडकीबाहेर पाहत होती. काहीतरी बोललीही, पण ते ऐकू आले नाही.

जेवायच्या वेळेपर्यंत नारुमोनचा निर्णय झाला होता. इथे समारंभ होऊ शकत नव्हता. उरला होता प्रश्न फक्त वाक्याचा.

जेवणाचे दालन जवळजवळ रिकामे होते. कोळंबीचे तोम यम सूप आले आणि त्याच्या पाठोपाठ व्यवस्थापक विचियेन आले. याच दालनात वाढपी म्हणून लागलेला हा माणूस इथेच पिकला होता. त्यांनी हात जोडून, कमरेत वाकून विचारले, “आई, सूप कसं आहे?”

“उत्तम!” सांगवियन म्हणाली. “अगदी पूर्वीसारखं.”

विचियेन कृतार्थ होऊन गेले. नारुमोनने वाटीत डोकावून पाहिले.

“आई, तू दोनच चमचे घेतलेस.”

“मग?”

“उत्तम सूप वाटीत उरत नाही.”

आईने आजूबाजूला पाहिले, मग पुढे झुकून कुजबुजली, “पाक आहे गं, पाक! परदेशी पाहुण्यांना झेपावं म्हणून साखर ओततात. पहिल्या वर्षापासून.”

“पहिल्या वर्षापासून? आणि तू दर वर्षी उत्तम म्हणतेस?”

“समोर उभा राहून विचारतो बिचारा. तोंडावर काय सांगू? भीड वाटते.”

नारुमोनने चमचा खाली ठेवला. मनाशी एक शंका आली होती, आणि शंका आली की ती तपासायची, हा तिचा पिंडच होता. “बरं, पडदे?”

“बघितले की मळमळतं.”

“गालिचा?”

“कुत्रा पावसात भिजून आल्यासारखा वास येतो.”

“धबधबा?”

“बंद आहे तेच बरं. चालू असताना बाकांवर बसलेल्यांना आंघोळ घालायचा. आणि तो हिरवा टब, अगं, त्यात बसलं की आपण लोणच्यातली कैरी झालोय असं वाटतं.”

दिवसभर उपकरणे लावून नारुमोनने जे गोळा केले होते, ते सारे आईने खुर्चीतून न हलता सांगून टाकले होते. शिवाय आणखी एकदोन गोष्टी, ज्या तिच्या नजरेतून निसटल्या होत्या.

“मग समारंभ इथे कशाला हवा तुला?” ती जवळजवळ ओरडली. “सगळं माहीत असून?”

आई थोडा वेळ वाटीतल्या कोळंबीशी खेळत राहिली.

“तुझे बाबा इथे दुपारी झोपायचे,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे झोपायचे. आपलं घर कालव्यावर. दिवसभर दाराशी लांब शेपटाच्या मोटारहोड्या. त्यांचा जन्म इंजिनं दुरुस्त करण्यात गेला. एखादं इंजिन जरा अडखळलं की हे ताडकन उठून बसायचे, ‘बघ, तिसरा सिलिंडर गेला,’ म्हणायचे, आणि लुंगी सावरत घाटावर. लग्नानंतर त्या माणसाला मी कधी दिवसाउजेडी झोपलेला पाहिला नाही. फक्त इथे. वर्षातून एकदा. ते यंत्र असं घरघरायचं की नदीवर सगळ्या होड्या एकदम फुटल्या असत्या तरी यांना पत्ता लागला नसता. मी शेजारी बसून नुसती बघायची. तोंड उघडं, एक हात खाली लोंबतोय. इतकं छान वाटायचं मला.”

नारुमोनला त्या दुपारी आठवत होत्या. ती आणि चेत टबाच्या काठावर पाय पाण्यात सोडून बसत, आणि आई ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प करी. एवढा गोंगाट असताना कुजबुजायचे कशाला, हे कोडे तिला लहानपणीही पडले होते. गोंगाटाचे मोजमाप करण्यात आयुष्य घालवूनही ते सुटले नव्हते, आणि आज सकाळी आकडा पाहतानाही आठवले नव्हते.

विचियेन पपईच्या फोडी घेऊन परत आले. नारुमोनने त्यांना थांबवले.

“विचियेन, हे पडदे कधी बदललेच नाहीत का?”

“बदलणार होतो, अचान. मालकांनी कापडाचे नमुनेही मागवले होते. पण जुन्या पाहुण्यांना विचारल्याशिवाय कसं करायचं? विचारलं तर सगळे म्हणाले, छान आहेत. आईसुद्धा म्हणाल्या. मग त्यांचं मन कसं मोडायचं?”

“तुम्हाला आवडतात?”

विचियेननी मागे वळून दालनात मालक नाहीत याची खात्री केली. “मला शिसारी येते.”

सांगवियनने हसू दाबायचा प्रयत्न केला, तो फसला, आणि ती टेबलावर हात आपटत हसत सुटली. “आणि विचियेन, तुमचं सूप! गोड आहे हो, भयंकर गोड!”

“आई!” विचियेननी दोन्ही हात गालांवर ठेवले. “अहो, आमच्या स्वयंपाकघरात ते कोणी तोंडात घालत नाही. आमच्यापुरतं वेगळं करतो आम्ही. तुम्हाला आवडतं म्हणून इतकी वर्षं आचाऱ्याला हात लावू दिला नाही मी!” मग ते नारुमोनकडे वळले. “अचान, तुम्हीही सांगा. अगदी मोकळेपणाने.”

नारुमोनने वही उघडली. समोर विचियेन हात जोडून उभे होते. त्यांच्या कोटाची बाही काळजीपूर्वक रफू केलेली होती.

“तसं सगळं ठीकच आहे,” ती म्हणाली.

“बघा!” आई ओरडली. “कागदावर वाघीण, आणि समोर माणूस उभा राहिला की मांजर! कोणावर गेलीय, सांगायला नको.”

तेव्हा नारुमोनने घसा साफ करून सारे वाचून दाखवले; गालिचा, पूल, टब, मुका रेडिओ. शब्द एकही सौम्य केला नाही. मात्र वाचताना तिचे कान तापले होते. विचियेन प्रत्येक दोषाला मान डोलावत होते, आणि दर वेळी त्यांचे खांदे थोडे सैल होत होते.

“आणि खोलीतलं ते यंत्र,” तेच म्हणाले, “ते लिहिलंच असेल तुम्ही. पुढच्या महिन्यात सगळी काढतोय. नवी अगदी मुकी आहेत.”

आईने पपईची फोड परत बशीत ठेवली.

“सगळी काढा,” नारुमोन म्हणाली. “परीक्षणात मीही तेच लिहिणार आहे. पण आमच्या खोलीतलं समारंभ होईपर्यंत राहू द्या.”

“कोणता समारंभ?” विचियेननी विचारले.

“हिचा. चौऱ्याऐंशीचा. बागेत करू, गालिच्यापासून लांब.”

आईने तिच्याकडे निरखून पाहिले. “भिडेपोटी म्हणत नाहीस ना?”

“भीड असती तर तुला ‘आपण घरीच छान करू’ असं म्हटलं असतं.”

विचियेन वाटी उचलून स्वयंपाकघराकडे जवळजवळ धावले. थोड्याच वेळात नवी वाटी आली. लालभडक, वाफाळणारी, लिंबू आणि मिरची डोळ्यांत जाईल अशी. विचियेन टेबलाशी उभे राहिले. त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या अर्ध्या उघड्या दारात आचारी उभा होता.

सांगवियनने एक चमचा घेतला. तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आले. नारुमोनने पाण्याचा पेला पुढे केला तो तिने हाताने दूर सारला. मग रिकाम्या दालनाच्या पार टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “आंबट! फार आंबट झालंय! पुन्हा करा!”