खालची ओळ

मी एक जुना कॅशिंग प्रॉक्सी आहे, मित्रांनो. नाव ऐकून तुमचा चेहरा कोरा झाला असेल तर वाईट वाटून घेऊ नका. ज्यांनी मला वीस वर्षं वापरलं त्यांचाही होत असे.

माझं काम सांगतो. एका कार्यालयात तीस संगणक असत आणि बाहेरच्या जगाकडे जाणारी इंटरनेटची वाट एकच, तीही अरुंद. त्या वाटेच्या तोंडाशी मी बसायचो. कोणी एखादं पान मागितलं की ते बाहेरून आणायचो, देताना त्याची एक प्रत पोटात ठेवायचो. दुसऱ्याने तेच मागितलं की पोटातली प्रत काढून द्यायचो. बाहेरची फेरी वाचायची. दुसऱ्याला वाटायचं, आपला संगणक काय हुशार आहे. तिसरा तेच पान दिवसातून चाळीस वेळा उघडायचा आणि त्याला काम म्हणायचा.

मला चौघांनी लिहिलं. कोणीही घ्या, बदला, सुधारा, वाटा, असं म्हणून मोकळं सोडलं. लोकांनी त्यातलं 'घ्या' तेवढं ऐकलं. पुढे चौघांना बऱ्या नोकऱ्या लागल्या. एकाने जाताना लिहिलं की या प्रकल्पाला माझ्या हृदयात कायम जागा राहील. त्यानंतर त्याने एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. हृदयात जागा दिली की वेळापत्रकात द्यावी लागत नाही, हे मला तेव्हा समजलं.

पण नुसता लिहून ठेवलेला प्रोग्राम लोकांच्या कामाचा नसतो. कोणीतरी तो तपासून, बांधून, दर नव्या प्रणालीत नीट बसेल असा करून द्यावा लागतो. त्या गाठोड्याला पॅकेज म्हणतात आणि ते बांधणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही. ज्या पॅकेजला बांधणारं माणूस उरत नाही ते एका यादीत जातं, आणि यादीत त्याच्या नावापुढे एकच शब्द असतो: अनाथ. मी थट्टा करत नाही. मोठमोठे इंजिनियर गंभीर चेहऱ्याने हा शब्द टाइप करतात आणि चहा प्यायला उठतात.

त्या यादीतून मला उचललं ते चष्म्याच्या दुकानात नोकरी करणाऱ्या एका बाईने. तिला आपण चष्मेवाली म्हणू. आठवडाभर ती लोकांचे नंबर तपासायची, भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट करून 'आता खालची ओळ वाचा' म्हणायची, आणि रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक मांडून माझी डागडुजी करायची. त्या संगणकातही माझी एक प्रत होती, म्हणून त्या घरातलं मला माहीत आहे. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिची ताई शिलाई मशीन घेऊन बसे. ताई लोकांचे कपडे सैल-घट्ट करून द्यायची. दोघी बहिणी दुसऱ्यांनी बिघडवलेलं उसवत बसायच्या.

अशी अकरा वर्षं गेली. या काळात तुझं कौतुक झालं का, असं तुम्ही विचाराल. आत्मवृत्तात तो परिच्छेद असतो खरा. एकाने 'चांगलं आहे, पण' असं लिहिलं होतं आणि 'पण'च्या पुढे तीन पानं होती. एका कंपनीच्या इंजिनियरने कळवलं की आमचे ग्राहक खोळंबलेत, आज संध्याकाळपर्यंत दुरुस्ती हवी, नाहीतर आम्हाला दुसरा विचार करावा लागेल. चष्मेवालीने दुरुस्ती पाठवली आणि नम्रपणे विचारलं, पुढच्या वेळी तपासणीला तुमच्यापैकी कोणी जरा हात लावेल का? उत्तरात उंचावलेला अंगठा आला. चित्रातला. तोच काय तो त्यांनी लावलेला हात.

तिने माझी माहिती देणारं एक पान केलं होतं. वर माझं नाव, मधे मजकूर, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात ते पान शेवटचं कधी बदललं त्याची तारीख. एव्हाना जगातली बहुतेक पानं बंद पाकिटातून, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येऊ नयेत अशी, जाऊ लागली होती. मला पाकीट फोडता येत नाही, त्यामुळे प्रतही ठेवता येत नाही. मी पाकिटं इकडून तिकडे सरकवणारा झालो होतो. चष्मेवालीने मात्र आपलं पान मुद्दाम उघडं ठेवलं. प्रॉक्सीचंच पान प्रॉक्सीला ठेवता येऊ नये हे बरं दिसत नाही, असं ती ताईला म्हणाली. अकरा वर्षांत तिने केलेला हा एकमेव विनोद. तोही अंगाशी आला.

झालं असं की एका संशोधकाला माझ्यात एक भोक सापडलं. बाहेरचा कोणीही त्यातून हात घालून माझ्या पोटातल्या प्रती काढू शकेल, असं भोक. त्याने ते चष्मेवालीला खासगीत कळवलं आणि नव्वद दिवसांनी सर्वांसमोर मांडणार असं सांगितलं. त्यांच्यात तशी रीत आहे. तिने चौघा लेखकांना लिहिलं. कोणाच्याच हृदयातून उत्तर आलं नाही. मग सहा रविवार ती ठिगळं लावत बसली. एकीकडे लावलं की शेजारी उसवायचं.

सहाव्या रविवारी ताईने मशीन थांबवलं. "कापडच उरलं नाही की मी गिऱ्हाईकाला तोंडावर सांगते, आता यात टाका धरणार नाही. तू का सांगत नाहीस?"

"लोक वापरतायत गं अजून."

"मग लोकांना सांग. मला काय सांगतेस?"

तिने मला पुन्हा अनाथांच्या यादीत टाकलं नाही. तिथून कोणी हौशी उचलेल, वरचं लेबल बदलेल आणि भोक तसंच राहील, हे तिला ठाऊक होतं. तिने पानावर सरळ लिहिलं: हे पॅकेज वापरू नका, काढून टाका, यातलं भोक बुजवता येत नाही. आणि ज्यांनी ज्यांनी कधी तक्रार केली होती त्या प्रत्येकाला पत्र पाठवलं. तक्रारींचा तेवढाच उपयोग झाला. बहुतेकांनी मला मुकाट्याने काढलं. काहींनी विचारलं, मग आता आम्ही काय वापरायचं, आणि तेही संध्याकाळच्या आत.

एक जागा राहिली. रक्त तपासणारी एक प्रयोगशाळा होती. तिथे रुग्णांचे अहवाल आतल्या एका जुन्या यंत्रावरून उघडेच येत आणि मी इमानेइतबारे प्रत्येकाची प्रत ठेवत असे. कोणाची साखर किती, कोणाला दिवस गेलेत, कोणाला असं काय झालंय जे त्याने घरात सांगितलेलं नाही, सगळं माझ्या पोटात. तिथले संगणक सांभाळणारा पंचेचाळिशीचा गृहस्थ 'होऊनजाईल' या नावाने ओळखला जाई. काहीही सांगितलं की तो तेवढंच म्हणायचा, आणि मग ते व्हायचं नाही.

चष्मेवालीच्या दोन पत्रांना त्याचं एकच उत्तर आलं: 'आपलं पान पाहिलं. सर्व ठीक आहे.' चार दिवस उरले तेव्हा तिने दुकानातल्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. त्याने तो माझ्याच खोलीत घेतला, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या फायलींच्या मधोमध, कारण तिथला पंखा चांगला होता. स्पीकर लावला, कारण दुसऱ्या हातात सफरचंद होतं.

"बाई, तुम्ही उगाच घाबरवताय. तुमचंच पान म्हणतंय, देखभाल नियमित सुरू आहे. समोर उघडलंय माझ्या."

"दीड महिना झाला मी ते बदलून."

"मग मी काय खोटं वाचतोय?"

ती दुकानातल्या आवाजात म्हणाली, "आता खालची ओळ वाचा."

"कुठली?"

"अगदी खालची. बारीक आहे. सावकाश वाचा."

त्याने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि तारीख वाचली. दोन वर्षांपूर्वीची होती.

मित्रांनो, या गोष्टीत मूर्ख एकच होता असं समजू नका. दोन वर्षांपूर्वी साहेब म्हणाले होते की पानं हळू उघडतात. होऊनजाईलने मला हुकूम दिला, एकदा आणलेलं उघडं पान पुन्हा आणायला जायचं नाही. पानं पटापट उघडू लागली, त्याची पाठ थोपटली गेली. आणि मी दोन वर्षं तेच शिळं 'सर्व ठीक आहे' त्याच्यापुढे वाढत राहिलो. मला काढून टाका हे सांगणारं पान मीच अडवून बसलो होतो. माझ्या चपळाईची एवढीच कथा.

"ती माझ्या पानाची जुनी प्रत आहे," चष्मेवाली म्हणाली. "तुमच्याकडचा प्रॉक्सी देतोय ती."

"असं कसं? लगेच उघडलं की."

"लगेच उघडलं, म्हणूनच."

तिने त्याला ऑफिसची लाईन सोडून स्वतःच्या मोबाईलवर तेच पान उघडायला लावलं. त्याने वाचलं. सफरचंद फायलींवर ठेवलं. मग साहेब बाहेरगावी आहेत, त्यांची परवानगी लागेल, आल्यावर होऊन जाईल, असं सुरू केलं. तिने शांतपणे विचारलं, साहेबांची तपासणी तुमच्याकडेच होते ना? म्हणजे त्यांचा अहवालही प्रॉक्सीच्या पोटात असेल.

यानंतर परवानगीचा विषय निघाला नाही.

तिने एकेक शब्द सांगितला, त्याने टाइप केला. नुसतं काढू नका, प्रतींसकट, सेटिंगसकट काढा, असं दोनदा बजावलं. शेवटी यंत्र नेहमीचं विचारतं तेच पडद्यावर आलं: एवढी जागा मोकळी होईल, पुढे जायचं का?

"काय दाबू?"

फोनमध्ये तिच्या मागे दुकानात कोणीतरी चष्म्याची काडी सैल झाल्याचं सांगत होतं.

"हो दाबा," ती म्हणाली.

त्या रविवारी तिने घरच्या संगणकावरूनही मला काढलं. ताईने मशीनवरून मान न उचलता विचारलं, झालं? ती म्हणाली, झालं. मात्र घरी तिने मला नुसतंच काढलं. तसं काढलं की सेटिंगची फाईल मागे राहते. तिच्यात अकरा वर्षांच्या तिच्या बारीक टिपा आहेत, कुठलं ठिगळ कुठे आणि का. मी आता तेवढाच उरलो आहे आणि तिथूनच बोलतो आहे. अख्ख्या जगाला 'सेटिंगसकट' बजावणारी बाई हे विसरली असेल, असं ज्यांना वाटायचं त्यांना वाटू द्या.

आता जुन्या वस्तू जपा अशी मी विनंती करावी, हे तुम्हाला अपेक्षित असेल. करत नाही. तुम्ही जपत नाही, नुसतं ठेवून देता, आणि जपणारं दुसरंच कोणीतरी असतं. त्या माणसाला जमलं तर विचारा, हात लावू का. चित्रातला नको.

तेही जमणार नसेल तर एवढं करा. एखादं पान लगेच उघडलं आणि सर्व ठीक आहे म्हणालं, की अगदी खालची ओळ वाचा. बारीक असते. सावकाश वाचा.